पेटीला गळा देणारे गोविंदराव

पवनानगरच्या बाजारपेठेत सप्ताहाचा मांडव पडला की पखवाज आणि टाळांच्या जोडीला पेटी येतेच. मावळातल्या कुठल्याही गावात जा, देवळाच्या कोनाड्यात किंवा भजनी मंडळातल्या एखाद्याच्या घरी कापडात गुंडाळून ठेवलेली एक पेटी सापडेलच. इतकी ती आपली झाली आहे, की ती परकी होती हे सांगूनही कोणाला पटत नाही. वीणा, टाळ आणि मृदंग संतांच्या काळापासूनचे. पेटी मात्र फ्रान्समधली. अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियमचे हक्क नोंदवले. पायाने भाता हलवायचे ते अवजड वाद्य मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर हिंदुस्थानात उतरले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे पाय काढले, हाताचा भाता लावला आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या माणसाच्या मांडीसमोर ते आणून ठेवले. त्यानंतर ते देवळात गेले, तमाशाच्या फडात गेले, नाटकात गेले. एकाच ठिकाणी त्याला दार बंद होते. ते दार होते रागसंगीताच्या मैफलीचे. साथीला बसायला हरकत नव्हती, पण एखाद्याने केवळ पेटीवर राग मांडावा आणि जाणत्यांनी तो गाण्यासारखा ऐकावा, ही गोष्ट अशक्य कोटीतली मानली जाई.

महाराष्ट्रात ती शक्य करून दाखवणाऱ्यांत पहिले नाव गोविंदराव टेंबे यांचे. आज त्यांची ओळख 'मानापमान'च्या चालींमुळे किंवा 'अयोध्येचा राजा'तल्या हरिश्चंद्रामुळे राहिली आहे. पण हे सारे ज्या खोडाला फुटलेले फाटे होते, ते खोड पेटीचे होते. युरोपात पियानो वाजवणाऱ्याला गावोगावच्या सभागृहांत राजासारखा मान मिळत असताना, आपल्याकडे पट्ट्यांच्या वाद्यावर बोटे ठेवणाऱ्याला गवयाच्या डाव्या हाताला, किंचित मागे सरकून बसावे लागे. त्या जागेवर बसून गोविंदरावांनी काय मिळवले आणि त्यांना काय मिळाले नाही, हा त्यांच्या आयुष्याचा खरा विषय आहे.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचा. वाढले ते कोल्हापुरात. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे संगीताची पेठच होती. शाहू महाराजांचा आश्रय होता आणि त्या आश्रयाला अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई येऊन राहिला होता. गावातल्या रसिकांनी चालवलेल्या देवल क्लबात बाहेरगावचे गवई येत, गाऊन जात. गाणे ऐकायला तिकीट लागत नव्हते, ओळख लागत होती आणि ती ओळख कानाच्या जोरावर मिळे. आपल्या संगीताचा पाया या क्लबात घातला गेला, ही कृतज्ञता गोविंदरावांनी पुढे जन्मभर बाळगली.

पेटी त्यांना कोणी शिकवली नाही. शिकवणार तरी कोण? घराणी होती ती गळ्याची, बीनेची, सतारीची. पेटीला घराणे नव्हते, बाज नव्हता, बंदिशी नव्हत्या, गुरूही नव्हता. पियानो शिकणाऱ्या युरोपातल्या मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षापासून बोटांचे धडे ठरवून दिलेले असतात. कोणत्या सुरावर कोणते बोट, अंगठा कुठे खालून काढायचा, मनगट किती उंच, हे सगळे छापील असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उस्तादांनी घोटून ठेवलेला तो राजमार्ग असतो. गोविंदरावांसमोर पायवाटही नव्हती. बोटे कशी पडावीत, हे त्यांना गळ्याकडून शिकावे लागले.

आणि तो गळा त्यांना भेटला भास्करबुवा बखल्यांच्या रूपाने. बडोद्याच्या फैज महंमदखाँकडे, आग्रा घराण्याच्या नत्थनखाँकडे आणि मग अल्लादियाखाँकडे, अशी तीन ठिकाणची तालीम पचवलेले भास्करबुवा त्या पिढीतले सर्वांत डोळस गवई. गोविंदराव त्यांच्या साथीला बसू लागले. बुवांनी त्यांना समोर बसवून पलटे घोटून घेतले, असे झाले नाही. तरीही गोविंदरावांनी गुरू म्हणून नाव लावले ते त्यांचेच. अल्लादियाखाँसाहेबांच्या बाबतीतही हेच. खाँसाहेबांची प्रत्यक्ष तालीम त्यांना मिळाली नाही, पण जयपूर गायकीचे पेच, आडवळणाने समेवर येणाऱ्या त्या ताना आणि जोडरागांची वीण त्यांनी ऐकून, साथ करून आणि सहवासात राहून आत्मसात केली.

साथीदाराचे शिक्षण ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. शिष्याला गुरू तान सांगतो, ती चुकली तर पुन्हा सांगतो. साथीदाराला गवई काहीच सांगत नाही. पुढची जागा काय येणार हे बहुधा गवयालाही ठाऊक नसते. ती त्याच्या गळ्यातून सुटते आणि श्वासाच्याही निम्म्या वेळात पेटीवाल्याला ती पकडायची असते. मागे राहिला तर गाणे फाटते आणि पुढे धावला तर गवई रागावतो. अशा शेकडो मैफली करणाऱ्याच्या बोटांत मग केवळ सूर उरत नाहीत, विचार करण्याची पद्धत उतरते. एका गवयाचा राग उलगडण्याचा क्रम दुसऱ्याहून वेगळा का, कोण कोणत्या सुरावर थांबतो, कोण कोणती जागा जाणूनबुजून मोकळी सोडतो, हे त्याला आतून कळू लागते. गंडा न बांधता मिळालेली ही तालीम. गोविंदरावांच्या पुढच्या प्रत्येक कामाची शिदोरी तीच होती.

मात्र साथ उत्तम होते म्हणून पेटी स्वतंत्र होत नाही. तिच्या अडचणी जन्मजात आहेत. पहिली अडचण सुरांची. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर युरोपी पद्धतीने जुळवलेल्या पेटीत शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर १०० भागांचे अंतर असते. त्या हिशेबाने शुद्ध गंधार ४०० वर येतो. पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास असतो. म्हणजे पेटीचा गंधार चौदा भागांनी चढा. आकड्यात हे अंतर किरकोळ वाटते. पण तयार कानाला ते टोचते. दुसरी अडचण मींडेची. आपला राग सुरांवर जितका उभा असतो तितकाच दोन सुरांमधल्या वाटेवर उभा असतो. दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभा केला तर तो दरबारीचा राहतच नाही, त्याला झुलावे लागते. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र भिंत आहे. तिसरी अडचण जोराची. पियानोची पट्टी जोरात दाबली तर सूर मोठा, हळुवार दाबली तर नाजूक. पेटीची पट्टी कशीही दाबा, सूर तेवढाच. लहानमोठेपणा सगळा भात्यात. पियानोवाल्याचे दोन्ही हात सुरांवर असतात, तर पेटीवाल्याचा एक हात भात्याला जखडलेला. एका परीने हा अर्धाच पियानोवादक.

या अडचणींवर त्या काळी दोन उत्तरे पुढे आली. एक होते वाद्य बदलण्याचे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून, जादा सुरांची श्रुतिपेटी तयार करवली. बुद्धी आणि कष्ट यांची त्यात कमतरता नव्हती. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठे वादही झडले. पण ती पेटी मैफलीत रुजली नाही. सूर वाढले तरी भिंती तशाच राहिल्या. त्यांची फक्त संख्या वाढली.

दुसरे उत्तर हात बदलण्याचे. ते गोविंदरावांचे. बाजारात मिळते तीच पेटी घ्यायची आणि तिच्याकडून गळ्याचे काम करून घ्यायचे. यालाच पुढे गायकी अंगाचे वादन म्हणू लागले. त्यात भाता म्हणजे श्वास. गवई जसा दम राखून सूर लावतो, फुलवतो, विझवतो, तसा डाव्या हाताने हवेचा दाब राखायचा. पहिली पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी धरायची, म्हणजे दोन सूर क्षणभर एकमेकांत मिसळतात आणि कानाला मींडेचा भास होतो. ज्या सुराला पेटीवर न्याय देता येत नाही, त्याच्यावर मुक्काम करायचा नाही. कणसुराने त्याला स्पर्श करून पुढे जायचे. खटका, मुरकी, द्रुत तान ही पेटीची बलस्थाने, ती मात्र हात राखून खर्चायची. नाहीतर वादन म्हणजे बोटांची कसरत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे थांबायचे. पट्ट्यांचे वाद्य हाती आले की बोटे स्वस्थ बसत नाहीत. गवयाला श्वासासाठी थांबावेच लागते, पेटीवाल्याने ते आपणहून शिकायचे असते. जे निघत नाही ते निघाल्याचा भास ऐकणाऱ्याच्या मनात निर्माण करणे, ही ती विद्या. ग्वाल्हेरच्या भैय्यासाहेब गणपतरावांनी उत्तरेत ठुमरीच्या क्षेत्रात पेटीला असाच मान मिळवून दिला होता. महाराष्ट्रात ख्यालाच्या प्रांतात तिला उभे करण्याचे श्रेय गोविंदरावांकडे जाते. साथीची जागा सोडून ते मैफलीच्या मध्यभागी येऊन बसले आणि लोकांनी त्यांना ऐकले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्याला नाटकाचे वळण लागले. किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' बसवत होती. तोपर्यंत संगीत नाटकाच्या चाली बहुधा नाटककारच ठरवत. ऐकलेल्या पदाची, लावणीची, कीर्तनातली किंवा कानडी चाल घ्यायची आणि त्यावर शब्द बांधायचे, अशी अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनची वहिवाट होती. खाडिलकरांचा संगीताशी तसा संबंध नव्हता. चालींची जबाबदारी गोविंदरावांकडे आली आणि मराठी रंगभूमीला स्वतंत्र संगीत दिग्दर्शक मिळाला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा गोविंदराव तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि भामिनीची भूमिका करणारे बालगंधर्व अवघे बावीस वर्षांचे.

गोविंदरावांनी केले काय? पेटीच्या निमित्ताने त्यांच्या बोटांत जो ठेवा साठला होता तो त्यांनी रंगमंचावर ओतला. पूरब बाजाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या, गौहरजानसारख्या गायिकांमुळे कानी आलेला उत्तरेचा लडिवाळ ढंग आणि घरंदाज गवयांच्या बंदिशी यांतून त्यांनी चाली उचलल्या, पण त्या पात्राच्या स्वभावाला आणि नटाच्या गळ्याला बेतून. श्रीमंत, मानी भामिनीचे गाणे आणि शूर पण गरीब धैर्यधराचे गाणे कानालाच निराळे लागते. शिवाय चालींत त्यांनी मोकळ्या जागा सोडल्या. साथीदार असल्यामुळे गवयाला कुठे फिरायला आवडते ते त्यांना ठाऊक होते. त्या जागांवर बालगंधर्वांनी पुढे वर्षानुवर्षे नक्षी काढली. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, भास्करबुवांनी 'स्वयंवर'च्या चाली दिल्या आणि ख्यालगायकी घरोघर पोचली. त्या वाटेवरचा पहिला टप्पा मात्र त्यांच्या या न शिकवलेल्या शिष्याने बांधलेला होता.

५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही सर्वांत वैभवशाली कंपनी. पण तिघांची भागीदारी फार काळ टिकली नाही. सुमारे दोन वर्षांत गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी स्थापन केली. 'पटवर्धन', 'तुलसीदास' अशी नाटके स्वतः लिहिली, पदे स्वतः रचली, चाली स्वतः दिल्या, भूमिकाही केल्या. हिशेबी माणसाने हे केले नसते. गंधर्व मंडळीत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही चालून येत होते. स्वतःची कंपनी म्हणजे नटांचे पगार, पडदे, रेल्वेचे भाडे, पावसाळ्यातला मुक्काम आणि रिकाम्या खुर्च्या. व्याप मोठा होता आणि शिवराज मंडळी अखेर बंद पडली. मैफलीत मागे बसणाऱ्याने एकदा पुढे येण्याचे ठरवले, की त्याला पुन्हा कोणाच्या मागे बसणे कठीण जाते. आणि त्याची किंमत मोजावी लागते. गोविंदरावांनी ती मोजली. मधल्या काळात १९२२ साली शाहू महाराज आणि भास्करबुवा दोघेही गेले. कोल्हापूरच्या ज्या मातीत त्यांचे संगीत रुजले होते तिचे दोन मोठे आधार एका वर्षात कोसळले.

पन्नाशीला आलेल्या गोविंदरावांना पुन्हा कोल्हापुरानेच हाक दिली, ती या वेळी बोलपटासाठी. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गाबाई खोटे, हरिश्चंद्र गोविंदराव आणि संगीतही त्यांचेच. पार्श्वगायन तेव्हा अजून आले नव्हते. कॅमेऱ्यापुढे उभे राहून नटाने प्रत्यक्ष गायचे आणि वादकांनी चौकटीच्या बाहेर राहून साथ करायची. एकदा चुकले की सगळे पहिल्यापासून. रंगभूमीवर पद तासभर रंगवणाऱ्या पिढीतल्या माणसाला इथे तीन-चार मिनिटांत गाणे पुरे करायचे होते. गोविंदरावांना ते जमले, कारण थोडक्यात जास्त सुचवणे हीच त्यांच्या पेटीची शिकवण होती. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. पुढच्या वर्षी 'सिंहगड' आणि 'सैरंध्री' यांना त्यांनी संगीत दिले. मराठी चित्रपटसंगीताच्या पहिल्या पायरीवर त्यांचे नाव कोरलेले आहे.

आणि मग आला १९४० चा मार्च. १ मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीच्या विरोधात जोरदार लेख लिहिला होता. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोरांनीही आपली नापसंती उघड केली होती. परकीय वाद्याने हिंदी संगीत बिघडवले, हा निवाडा देण्यात परकीय संगीतकाराचा पुढाकार असावा, हा योग चमत्कारिकच. आक्षेपांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. बेसूर पेट्यांनी कित्येक गळे बिघडवले होते हे खरेच. पण वाद्याच्या दोषांची शिक्षा त्या दोषांवर मात करणाऱ्यालाही तितकीच झाली. गोविंदराव तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. जे वाद्य त्यांनी उभ्या आयुष्यात दिवाणखान्यात नेऊन बसवले होते, ते देशातल्या सर्वांत मोठ्या दिवाणखान्याबाहेर काढले गेले. त्यांच्या हयातीत ते दार पुन्हा उघडले नाही. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये आणि तीही अंशतः.

उतारवयातले गोविंदराव मात्र कडवट झालेले दिसत नाहीत. त्यांनी लेखणी हाती घेतली होती. 'माझा संगीत व्यासंग' १९३९ मध्ये आणि 'माझा जीवनविहार' १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐकलेल्या गवयांची गायकी शब्दांत पकडण्याचे मराठीतले हे पहिल्या प्रतीचे प्रयत्न. ज्या काळाची ध्वनिमुद्रणे तुटपुंजी आहेत त्या काळातल्या मैफलींचा नाद आज कुठे शिल्लक असेल तर तो या पानांत. 'महाश्वेता' आणि 'जयदेव' या संगीतिका रचून त्यांनी संगीतातूनच कथा सांगण्याचा एक नवा प्रकारही मराठीत रुजवण्याची खटपट केली. साठी उलटल्यावर नव्या प्रकाराला हात घालणारा माणूस आपल्या जुन्या यशावर बसून राहिला नव्हता, एवढे यावरून दिसते.

पेटीवर ज्यांनी पुढे नाव कमावले ते पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर आणि लेखणीइतकेच पेटीवरही प्रेम करणारे पु. ल. देशपांडे, हे सारे गोविंदरावांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरचे प्रवासी. यातल्या प्रत्येकाचा हात निराळा, पण पेटीने गायचे असते हा विश्वास एकच. आज पेटीचे स्वतंत्र वादन ऐकायला लोक जातात तेव्हा त्यात कोणाला नवल वाटत नाही. ते वाटू नये, हेच गोविंदरावांच्या कामाचे फळ.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, त्यांचे एक पुस्तक बाहेर पडले होते. ते होते अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र. खाँसाहेब १९४६ मध्येच निवर्तले होते. त्यांच्याकडे गंडा बांधून शिकलेले एकाहून एक मोठे गवई आणि गायिका होत्या, पुत्र होते, घराणे जोरात होते. पण खाँसाहेबांचे आयुष्य, त्यांचे पूर्वज, त्यांची तपश्चर्या आणि त्यांची गायकी यांचे मराठीतले चरित्र लिहिले ते ज्याला त्यांची तालीम कधी मिळाली नाही त्या पेटीवाल्याने. साथीला बसणाऱ्याचे काम शेवटच्या सुरापर्यंत असते. गवई थांबल्यावरही पेटीवाला क्षणभर षड्ज धरून ठेवतो, मगच भाता मिटतो.